तगादा आणि कपात

'तगादा' हा शब्द आज आपण सहज वापरतो. त्यामागे एके काळी वसुलीची एक रुळलेली रीत होती. पेशवाईच्या अखेरीस देणे थकले की सावकार किंवा त्याचा माणूस ऋणकोच्या दारात ठाण मांडून बसे. धरणे धरणारा स्वतः उपाशी राही आणि ऋणकोनेही त्याच्याबरोबर उपाशी राहावे, असा संकेत असे. एल्फिन्स्टनने १८१९ च्या आपल्या अहवालात या रीतीची नोंद केली आहे. या वसुलीचे बळ कागदात नव्हते, ते लोकलज्जेत होते.

इंग्रजी न्यायालये आली आणि हे बळ कागदात गेले. रोख्यावरचा अंगठा, हुकूमनामा, जप्ती अशी ती साखळी होती. १२ मे १८७५ रोजी सुप्याला दंगा झाला तेव्हा जमावाचा मुख्य रोख सावकाराच्या खतपत्रांवर होता, हे लक्षात घेण्याजोगे आहे. त्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा आला. न्यायालयाला रोख्यामागचा व्यवहार तपासण्याची मुभा मिळाली आणि देणे थकले म्हणून शेतकऱ्याला तुरुंगात टाकणे बंद झाले.

कागल मात्र या कायद्याच्या टापूबाहेर, कोल्हापूर संस्थानात होते. ती घाटगे घराण्याची जहागीर. याच घराण्यात दंग्याच्या आदल्या वर्षी, १८७४ मध्ये, यशवंतराव जन्मले. तेच पुढे राजर्षी शाहू झाले. त्यांनी १८९५ मध्ये शाहूपुरीची गूळपेठ वसवली आणि त्यांच्याच कारकिर्दीत, १९१३ मध्ये, कोल्हापूर अर्बन ही सहकारी पतसंस्था स्थापन झाली. पेठ आणि पतपेढी, म्हणजे पीक विकण्याची जागा आणि कर्ज मिळण्याची जागा. या दोहोंची सांगड पुढे साखर कारखान्यांनी पक्की केली.

आज कागल तालुक्यातील ऊसकरी शेतकरी गावच्या विकास सोसायटीकडून पीककर्ज घेतो, ऊस कारखान्याला घालतो आणि कारखाना बिलातून सोसायटीचे देणे वळते करून घेतो. १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्यातील कलम ४८-अ ने या कपातीला आधार दिला आहे. पगारदारांसाठी कलम ४९ आहे. दारात कोणी बसत नाही, चारचौघांत कोणी नाव पुकारत नाही. तगाद्याच्या इतिहासात ही लहान गोष्ट नव्हे. वसुलीची खरी हातोटी दटावणीत नसते, पैसा ज्या दिवशी येतो त्या दिवसाशी देण्याचा दिवस जुळवण्यात असते, हे या व्यवस्थेने दाखवून दिले, असे आम्हांस वाटते.

परंतु या व्यवस्थेची पायरी सातबाऱ्याची आहे. ज्याच्या नावावर जमीन नाही त्याला पीककर्ज नाही, आणि ज्याचे ऊसबिल नाही त्याची कपात नाही. कागलच्याच आनंद यादवांनी 'झोंबी'त (१९८७) दुसऱ्याच्या रानात राबणाऱ्या घराचे जे दारिद्र्य मांडले, ते घर या रचनेच्या बाहेरच राहिले असते.

अशी घरे आज सूक्ष्मवित्त आणि वाहनकर्ज देणाऱ्या कंपन्यांकडे जातात. तिथे हप्ता आठवड्याचा वा महिन्याचा आणि मजुरी मात्र काम मिळेल तेव्हाची. हा मेळ मुळातच न बसल्याने हप्ता चुकतो आणि जुना तगादा नव्या वेशात दारी येतो. वसुली विभागाच्या प्रमुखापुढे थकबाकीचा तक्ता असतो. त्या तक्त्यात बुडवणारा आणि अडलेला एकाच रकान्यात दिसतात. वसुलीसाठी गुंड वापरणाऱ्या बँकांना सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये फटकारले. रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये सकाळी आठपूर्वी आणि सायंकाळी सातनंतर वसुलीचे फोन करू नयेत, असे बजावले. नियम योग्यच आहेत. पण ते तगाद्याची वेळ ठरवतात, हप्त्याची वेळ ठरवत नाहीत.

सोसायटीच्या सचिवाला कोणाचा ऊस कधी तुटणार हे ठाऊक असते. कंपनीच्या वसुली अधिकाऱ्याला कर्जदाराच्या हाती पैसा कधी येतो, हे कर्ज देतानाच विचारता येईल. ते विचारले गेले नाही, तर हप्ता चुकल्यावर त्याचा फोन सकाळी आठनंतर आला, एवढेच समाधान उरते.