काळाच्या हाती दिलेली भिंत : विलानुफचे सूर्यघड्याळ

राजवाड्याच्या भिंतीवरील सूर्यघड्याळ ही पाहण्याची वस्तू आहे की वाचण्याची, हा प्रश्न आम्हांला पोलंडमधील विलानुफ राजवाड्यामुळे पडला. वॉर्साच्या दक्षिणेकडील या राजवाड्याच्या दक्षिणाभिमुख भिंतीवर पंख असलेला वृद्ध क्रोनोस आहे आणि त्याच्या सोबतीला तासांच्या रेषा व राशिचिन्हे मिरवणारी तबकडी आहे. प्रथम आम्हीही तिला बरोक शैलीचे एक अलंकरण समजलो. पण वर्गात छायाचित्र दाखवताना एका विद्यार्थ्याने विचारले, "हे घड्याळ बरोबर चालते का?" त्या साध्या प्रश्नाने आमचे वाचन अपुरे असल्याचे लक्षात आले.

१६७७ पासून हा राजवाडा यान तिसरा सोबिएस्की या राजासाठी उभा राहू लागला. १६८३ मध्ये व्हिएन्नाचा वेढा उठवणारा सेनानी म्हणून इतिहास त्याला ओळखतो. परंतु त्याला ज्योतिर्विज्ञानाचीही ओढ होती. घड्याळाच्या रचनेचे श्रेय परंपरेने आदाम कोखान्स्की (१६३१–१७००) या जेझुइट गणितज्ञाला दिले जाते. तो राजाच्या पदरी ग्रंथपाल होता. वर्तुळाच्या परिघाएवढी रेषा जवळजवळ अचूक काढण्याची त्याची १६८५ मधील रीत आजही गणिताच्या इतिहासात सांगितली जाते. ग्दान्स्कचा ज्योतिर्विद हेवेलियस यालाही राजाश्रय होता. १६८४ मध्ये त्याने आकाशातील एका छोट्या तारकासमूहाला 'सोबिएस्कीची ढाल' असे नाव दिले. राजाची ढाल अशी ताऱ्यांत पोचली आणि त्याच काळाच्या आसपास आकाश राजाच्या भिंतीवर उतरले.

ही भिंत वाचायची कशी? दक्षिणाभिमुख भिंतीसमोर आपण उभे राहिलो की डावीकडे पश्चिम आणि उजवीकडे पूर्व येते. सकाळी सूर्य पूर्वेला असल्याने शंकूची सावली डावीकडे पडते. दुपारनंतर ती उजवीकडे सरकते. म्हणजे दिवस येथे लिपीच्या ओळीसारखा डावीकडून उजवीकडे उलगडतो. राशींचे वाचन मात्र वरून खाली करावे लागते. जमिनीवर माध्यान्हीची सावली उन्हाळ्यात आखूड असते, पण भिंतीवर नेमके उलट घडते. वॉर्सात माध्यान्हीचा सूर्य जूनमध्ये क्षितिजापासून सुमारे ६१ अंश वर असतो, डिसेंबरात जेमतेम १४ अंश. त्यामुळे उन्हाळ्यात सावलीचे टोक खूप खाली उतरते आणि हिवाळ्यात वर राहते. या चढउतारावरून सूर्य कोणत्या राशीत आहे ते कळते. अलंकार भासणारी राशिचिन्हे अशी अर्थवाही आहेत. ती वगळली तर घड्याळाला वर्ष सांगता येणार नाही.

आता त्या विद्यार्थ्याचा प्रश्न. नोव्हेंबरच्या प्रारंभी या तबकडीवर बारा वाजतात तेव्हा वॉर्सातील मनगटी घड्याळात साधारण अकरा वाजून वीस मिनिटे झालेली असतात. फेब्रुवारीच्या मध्यात तेच अंतर दहा मिनिटांवर येते. जुलैत उन्हाळी वेळ लागू असल्याने मनगटी घड्याळच सुमारे चाळीस मिनिटे पुढे असते. पण यात तबकडीची चूक नाही. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि तिचा अक्ष कललेला असल्यामुळे सौर दिवस वर्षभर सारखे नसतात. शिवाय आजची प्रमाणवेळ १५ अंश पूर्व रेखांशाची आहे आणि वॉर्सा २१ अंशांवर आहे. तेवढ्याने २४ मिनिटांचा फरक पडतो.

हा फरक केवळ भूगोलाचा नाही. ऑगस्ट १९१५ पर्यंत वॉर्साची स्वतःची स्थानिक वेळ होती. पहिल्या महायुद्धात जर्मन सैन्याने शहर घेतले आणि त्याबरोबर घड्याळेही मध्य युरोपीय वेळेला जुळवण्यात आली. १७९५ ते १९१८ या काळात पोलंड हे राष्ट्रच नकाशावर नव्हते. सत्ता बदलते तेव्हा नकाशे बदलतात हे आपण शिकवतो. घड्याळेही बदलतात हे बहुधा सांगायचे राहून जाते. सावलीला मात्र कोणताही हुकूम लागू होत नाही. ती ज्या भूमीवर पडते तिचीच वेळ सांगते.

मग क्रोनोस तेथे कशासाठी? ग्रीक पुराणातील क्रोनस हा देव आणि 'काळ' या अर्थाचा क्रोनोस हा शब्द मुळात वेगळे; नामसादृश्यामुळे ते एकरूप झाले आणि युरोपीय कलेत पंख असलेला म्हातारा ही काळाची प्रतिमा रूढ झाली. मराठी वाचकाला तिचा अर्थ फोडून सांगावा लागत नाही. आपल्या 'काळ' या एकाच शब्दात वेळही आहे आणि मृत्यूही. विजयी राजाच्या भिंतीवर काळाला असे मानाचे स्थान मिळणे, हे वैभवाचे प्रदर्शन तर आहेच, पण त्यात मर्यादेची कबुलीही आहे, असे आम्हांला वाटते.

सोबिएस्की १६९६ मध्ये याच राजवाड्यात वारला. १७२० मध्ये त्याच्या मुलाने वास्तू विकली. १८०५ मध्ये नव्या मालकाने तिचे दालन जनतेसाठी संग्रहालय म्हणून खुले केले. दुसऱ्या महायुद्धात वॉर्सा बेचिराख झाले, राजवाड्यातील संग्रह लुटला गेला, पण वास्तू वाचली. आता तो प्रश्न पुन्हा कोणी विचारला तर आम्ही एवढेच सांगू, की हे घड्याळ बरोबर आहे; ते कोणाची वेळ सांगते, हे आधी समजून घ्यायला हवे.