आज्ञेची भाषा : प्रा. माणिकराव आणि देशी कवायत

कवायतीचा इतिहास सहसा लष्कराच्या किंवा शारीरिक शिक्षणाच्या इतिहासात नोंदला जातो. प्रस्तुत लेखात तो भाषांतराच्या इतिहासाचे एक प्रकरण म्हणून वाचावयाचा आहे. त्या दृष्टीने बडोद्याचे राजरत्न प्रा. माणिकराव यांची कामगिरी महत्त्वाची ठरते.

सयाजीराव गायकवाडांच्या कारकिर्दीत (१८७५–१९३९) बडोद्यात माणिकरावांनी आपले गुरू जुम्मादादा यांच्या नावाचे व्यायाममंदिर नावारूपाला आणले. आखाड्याची विद्या गुरूकडून एकेका शिष्याकडे जाते. ब्रिटिश कवायतीत शेकडो शरीरे एका शब्दासरशी हलतात. माणिकरावांनी ह्या दोहोंची सांगड घातली. देशी व्यायाम त्यांनी रांगांत व ठेक्यात बसविले आणि हुकूम इंग्रजीऐवजी हिंदीतून दिले. मराठीभाषक गुरूने गुजराती मुलखात हिंदी निवडावी, ह्यात प्रांतभाषेपलीकडच्या समूहाची कल्पना गृहीत आहे.

हुकुमाला दोन अंगे असतात : सूचना आणि कृती. ‘दाहिने मुड’ ह्यात पहिला शब्द शरीराला सज्ज करतो, दुसरा एकाक्षरी आघातासारखा पडतो. इंग्रजी आज्ञार्थाला वचन नसते, हिंदीला असते. तरीही समोरच्या शेकडोंना ‘मुडो’ न म्हणता ‘मुड’ म्हटले जाते. व्याकरण येथे समुदायाला एकच व्यक्ती करून टाकते. ‘सावधान’ ह्या आज्ञेचे मराठी मनातले पडसाद निराळेच. मंगलाष्टकांच्या शेवटी येणारा हाच शब्द ऐकून समर्थ रामदास बोहल्यावरून निघून गेले, अशी परंपरा आहे. एका प्रसंगी तो शब्द माणसाला रांगेत खिळवितो, तर दुसऱ्या प्रसंगी रांगेबाहेर काढतो.

माणिकरावांकडे १९०७ ते १९१० ह्या काळात शिकलेल्या स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापिले. त्यांच्या ‘यौगिक संघ-व्यायाम’ (१९३६) ह्या पुस्तकात एकांतातली आसनेही सामूहिक शिक्षणाच्या चौकटीत आली.

वासाहतिक सत्तेची कवायत स्वभाषेत आणल्याने ती मुक्तीची साधना झाली, की आज्ञापालन अधिक आपलेसे वाटू लागले? २६ जानेवारीस रायपूरच्या पोलीस परेड मैदानावर आणि महाराष्ट्रातल्या शाळांच्या पटांगणांवर ‘सावधान’ हाच शब्द घुमतो. भाषांतराने शब्द देशी झाला. आज्ञा देणारा आणि ऐकणारा ह्यांमधले अंतर मात्र भाषांतराने आपोआप मिटत नाही. तौलनिक अभ्यासाने ह्या अंतराचीही दखल घेतली पाहिजे.