तबकडीला गुण देताना

१९०२ साली कलकत्त्यात गौहरजानचे गाणे तबकडीवर उतरले, आणि दरबारातले, माडीवरचे गाणे हळूहळू चहाच्या दुकानात आले. अमळनेर-धुळ्याच्या गिरणी कामगाराला ते ऐकावयास कोणाचे आमंत्रण लागेना. तीन-साडेतीन मिनिटांत राग मावत नाही, हे खरे. तरी अब्दुल करीम खाँसाहेबांच्या झिंझोटीतील ठुमरीला आम्ही दहापैकी दहा गुण देतो. केसरबाईंच्या भैरवीला नऊ : सूर निर्दोष, पण आम्हांस तो जरा दूरचा वाटतो. तीच भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानातून अंतराळात गेली, तरी आमचा दहावा गुण काही निघत नाही. आमची चूक असेल. परंतु चहाच्या पैशांत ज्यांचे कान तयार झाले, त्यांनाही मत असते, एवढे मान्य व्हावे.