नडगीचा पिंजरा आणि ते 72 तास

परवा गणपती घाटावर आमचा जुना दोस्त भेटला. दीड वर्ष नडगीभोवती लोखंडी रिंगा घालून फिरायचा तो. पसरणी घाटात बाईक घसरली, हाड कातडी फाडून बाहेर आलं. पहिल्या दवाखान्यात सांगितलं, "गुडघ्याखालून काढावा लागेल." घरचे सही करायला बसलेच होते. कुणीतरी म्हणालं, आधी पुण्याला दाखवा. पाय वाचला.

त्या डॉक्टरला शिव्या घालणं सोपंय. पण शेकडो वर्षं उघड्या फ्रॅक्चरला हाच उपाय होता, कारण पाय ठेवला तर जखम सडून माणूसच जायचा. 1865 मध्ये ग्लासगोत 11 वर्षांच्या पोराच्या पायावरून गाडीचं चाक गेलं. आपल्याकडे उसाच्या हंगामात होतं तसंच. जोसेफ लिस्टरने जखमेवर कार्बोलिक ॲसिडच्या पट्ट्या ठेवल्या, आणि सहा आठवड्यांत हाड जुळलं.

पण हाडाचा तुकडाच गेला असेल तर? सायबेरियातल्या कुर्गान गावचा डॉक्टर इलिझारोव्ह. हाड कापून रोज एक मिलीमीटर ताणलं तर मधल्या जागेत नवं हाड धरतं, हे त्याने दाखवलं. मॉस्कोतल्या वजनदार डॉक्टरांनी बरीच वर्षं दाद दिली नाही. 1964 चा ऑलिंपिक उंच उडी विजेता ब्रुमेल याचा पाय मोटरसायकल अपघातात चुरडला. बऱ्याच ऑपरेशननंतर तो याच्याकडे आला आणि पुन्हा दोन मीटरवर उडी मारली! आज आपल्या अकोल्यात हे काम चालतं.

हाडावर मांसच उरलं नसेल तर रिंगाही पुरत नाहीत. स्लोव्हेनियाचा मार्को गोडिना पाठीचा किंवा मांडीचा स्नायू रक्तवाहिनीसकट उचलून मायक्रोस्कोपखाली पायावर जोडायचा. त्याच्या 532 रुग्णांचा हिशोब 1986 मध्ये छापून आला. 72 तासांच्या आत झाकलेल्या जखमांत जंतुसंसर्ग 1.5 टक्के, नंतर तीन महिन्यांपर्यंत झाकलेल्यांत 17.5. गोडिना स्वतः त्याच वर्षी रस्ता अपघातात गेला.

कोइमतूरच्या गंगा हॉस्पिटलने तर गुणपत्रिकाच बनवली. कातडी, हाड, स्नायू यांना गुण द्यायचे. 14 पर्यंत पाय वाचवायचा, 17 पासून पुढे काढण्याचा विचार. म्हणजे कधीकधी काढणंच बरोबर असतं, हेही मान्य करूया.

माझा प्रश्न साधा आहे. खंबाटकी किंवा पसरणीत असा पेशंट पडला, तर हाडाचा आणि प्लास्टिक सर्जन दोघे एका छताखाली कुठे आहेत, हे आपल्या तालुक्यात कुठल्या भिंतीवर लिहिलंय? पाहिलं असेल तर कॉमेंटमध्ये फोटो टाका.

दोस्त घाटाच्या पायऱ्या उतरून गेला. पावसाळ्यात ठणकतो म्हणाला.