पुण्यातल्या गच्चीवरची भाजी: कधी पेरायची, कधी तोडायची आणि कशी टिकवायची?

पावसाळ्यात भेंडीच्या झाडांना भरपूर फुलं आली. घरची मंडळी चार-पाच दिवस गावाला गेली आणि परत येऊन पाहतात तर भेंड्या लाकडासारख्या कडक झालेल्या. गच्चीवर किंवा बाल्कनीत भाजी लावणाऱ्या अनेकांना हा अनुभव येतो. फूल उमलल्यानंतर भेंडी साधारण पाच ते सात दिवसांत तोडायची असते. उशीर झाला तर तेवढीच भेंडी वाया जाते असं नाही. झाडाची ताकद बी पोसण्याकडे वळते आणि पुढची फुलंही कमी होतात.

घरच्या बागेविषयी बोलताना चर्चा बहुतेक वेळा माती, पाणी आणि खताची होते. पण प्रत्यक्ष ताटात किती भाजी येते, हे तोडणीची वेळ आणि साठवणीची पद्धत यांवरही तितकंच अवलंबून असतं.

गच्चीवर किती वजन ठेवता येतं?

हा प्रश्न सगळ्यात आधी विचारायला हवा. आयएस ८७५ या भारतीय मानकानुसार, लोकांची ये-जा असलेल्या सपाट गच्चीसाठी दर चौरस मीटरला साधारण १५० किलो इतका वापराचा भार धरला जातो. तेवढ्याच जागेवर एक फूट जाडीचा ओल्या मातीचा थर टाकला, तर त्याचं वजन ५०० किलोच्या आसपास जातं. म्हणून गच्चीवर थेट मातीचे वाफे करू नयेत. मोठी बाग करायची असेल, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरचा सल्ला घ्यावा. जड कुंड्या मधोमध न ठेवता खालच्या भिंती आणि तुळया जिथे आहेत तिथे ठेवाव्यात.

यावर उपाय म्हणजे हलकं मिश्रण. सुका पालापाचोळा, रसवंतीतला उसाचा चोथा, स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्याचं खत आणि थोडीशी माती. महाराष्ट्रात हा विचार रुजवण्यात कोल्हापूरचे प्रा. श्री. अ. दाभोलकर आणि त्यांचा ‘प्रयोग परिवार’ यांचा मोठा वाटा आहे. पुण्यात ‘ब्राऊन लीफ’ हा नागरिकांचा उपक्रम पाचोळा जाळण्याऐवजी तो ज्यांना हवा आहे त्यांच्यापर्यंत पोहोचवण्यासाठी काम करतो.

पुण्याच्या हवामानात कधी काय लावावं?

जून-जुलै: भेंडी, गवार, दोडका, कारलं, दुधी, तसंच वांगी आणि मिरचीची रोपं.
ऑक्टोबर-नोव्हेंबर: मेथी, पालक, कोथिंबीर, मुळा, गाजर, मटार आणि टोमॅटो. नवख्या माणसाने सुरुवात करण्यासाठी हाच काळ सोपा.
फेब्रुवारी: काकडी, भेंडी, माठ. एप्रिल-मे महिन्यांत दुपारच्या उन्हात शेडनेट लागते.

फळभाज्यांना रोज किमान पाच-सहा तास थेट ऊन हवं. पालेभाज्या तीन-चार तासांवरही येतात. एकदम सगळी मेथी पेरली, तर एकदम सगळी खावी लागते. दर दहा-बारा दिवसांनी एकेक ट्रे पेरला, तर भाजी टप्प्याटप्प्याने मिळत राहते.

तोडणी कधी करावी?

शक्यतो सकाळी, ऊन चढण्याआधी. रात्रीच्या गारव्यामुळे भाजीत पाणी भरलेलं असतं आणि ती थंड असते. दुपारी तोडलेली पालेभाजी तासाभरात मलूल होते.

मेथी पेरणीनंतर महिन्याभरात काढता येते. पालक मुळासकट उपटू नये. बाहेरची मोठी पानं खुडली की आतून नवी येतात. वांगं चकचकीत असतानाच तोडावं, चमक गेली की आत बी जून झालेलं असतं. काकडी आणि दोडका कोवळे असतानाच काढावेत.

फळांच्या बाबतीत एक फरक लक्षात ठेवावा लागतो. टोमॅटो, पपई, केळी, आंबा, चिकू, पेरू आणि सीताफळ ही फळं तोडल्यावरही पिकतात, कारण ती इथिलीन नावाचा वायू स्वतः तयार करतात. टोमॅटोवर लालसर छटा दिसली किंवा पपईवर पिवळी रेघ उमटली, की ते तोडून घरात पिकवता येतात. पक्ष्यांपासून फळ वाचवण्याचा हा सोपा मार्ग आहे. लिंबू, डाळिंब, द्राक्ष आणि स्ट्रॉबेरी मात्र तोडल्यावर गोड होत नाहीत. अंजीरही झाडावरच मऊ होऊ द्यावं लागतं.

घरी फळ लवकर पिकवायचं असेल, तर कागदी पिशवीत सोबत एक पिकलेलं केळं ठेवावं. फळं पिकवण्यासाठी कॅल्शियम कार्बाइड वापरायला भारतात कायद्याने बंदी आहे.

तोडल्यानंतर भाजी कशी टिकवावी?

तोडलेली भाजी श्वास घेतच असते आणि तिच्यातलं पाणीही उडत असतं. साठवण म्हणजे या दोन्ही गोष्टींचा वेग कमी करणं.

• पालेभाजी न धुता, निवडून, सुती फडक्यात किंवा कागदात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवावी. धुवायची ती चिरण्याआधी.
• कच्चे टोमॅटो फ्रिजमध्ये ठेवू नयेत. साधारण १२ अंशांखाली ते नीट पिकत नाहीत आणि चव जाते. वांगी, काकडी आणि भेंडीलाही फार थंडी सोसत नाही, त्यामुळे ती दोन-तीन दिवसांत संपवावीत.
• पिकलेली केळी किंवा पपई पालेभाजीजवळ ठेवू नये. इथिलीनमुळे पानं लवकर पिवळी पडतात.
• फ्रिज भरलेला असेल, तर मोठ्या माठात लहान माठ ठेवून मधली जागा ओल्या वाळूने भरावी आणि वर ओलं फडकं टाकावं. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने विकसित केलेला विटा-वाळूचा ‘शून्य ऊर्जा शीतकक्ष’ याच तत्त्वावर चालतो. पुण्याच्या कोरड्या उन्हाळ्यात याचा चांगला उपयोग होतो, जुलैच्या दमट हवेत फारसा नाही.

जास्तीची मिरची, गवार आणि मेथी कडक उन्हात वाळवता येते, तर लिंबाचं लोणचं मीठ आणि आंबटपणामुळे टिकतं. वाळवण कडकडीत झाल्याशिवाय डब्यात भरू नये.

दोन बाबतींत हयगय नको

पहिली म्हणजे कडू दुधी. घरच्या वेलाचा दुधी चिरल्यावर बारीकसा तुकडा जिभेवर ठेवून चव पाहावी आणि थुंकावा. कडू लागला तर तो दुधी शिजवून किंवा रस काढूनही वापरू नये. कडू दुधीच्या रसामुळे भारतात मृत्यू झाले आहेत आणि भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या तज्ज्ञांनीही कडू रस पिऊ नये, असं बजावलं आहे. रस प्यायल्यावर उलट्या किंवा जुलाब सुरू झाले, तर लगेच दवाखाना गाठावा.

दुसरी म्हणजे बुरशी. वाळवलेल्या मिरचीवर किंवा शेंगदाण्यावर बुरशी दिसली, तर ती पुसून वापरू नये. बुरशीचं विष डोळ्यांना दिसत नाही आणि शिजवल्यानेही पूर्ण जात नाही. असा माल टाकून देणंच योग्य.

बागेत रोज सकाळी दहा मिनिटांची फेरी आणि हातात एक टोपली, एवढी सवय लागली तरी बरंच नुकसान टळतं. गावाला जायचं असेल, तर आदल्या दिवशी बोटाएवढी झालेली प्रत्येक भेंडी तोडून शेजाऱ्यांना द्यावी. परत आल्यावर झाडावर नवी फुलं असतील.