पुण्याचा मैला आणि मांजरीचा ऊस

खडकवासल्याचे धरण १८७० नंतरच्या दशकात बांधले गेले आणि मुठेच्या कालव्याचे पाणी हडपसर, मुंढवा, मांजरी या गावांच्या शिवारांत खेळू लागले, तेव्हा जेथे पूर्वी ज्वारी-बाजरीपलीकडे फारसे काही पिकत नव्हते तेथे उसाचे मळे डोलू लागले, आणि त्यांच्यामागोमाग खताची टंचाई आली. ऊस हे मोठे खादाड पीक. शेणखत पुरेना, धनगरांच्या मेंढ्या शेतात बसवाव्या तर कळप थोडे, करंजीची वा एरंडीची पेंड सर्वांनाच परवडेना. याच सुमारास १८५७ साली स्थापन झालेल्या पुणे नगरपालिकेपुढे नेमका उलट पेच होता, तो असा की पेठापेठांतील शेतखान्यांतून दररोज निघणारा मैला न्यावा कोठे? या दोन अडचणींची गाठ पडली आणि सोनखताचा व्यवहार वाढीस लागला.

मैल्याच्या गाड्या गावाबाहेर रित्या होत. तेथे उथळ वाफ्यांत राखेचा थर, त्यावर मैला, त्यावर पुन्हा राख व रस्त्यांची झाडलोट अशी रचना करून ती उन्हात वाळू देत आणि फावड्यांनी खालीवर करीत. होता होता दुर्गंधी ओसरून जी भुसभुशीत, काळसर भुकटी हाती येई ती गाडीच्या हिशेबाने विकली जाई. राखेचे महत्त्व येथे फार होते, कारण ओल शोषणारी तीच. आणि लाकूडफाटा व गोवऱ्या जाळणाऱ्या त्या काळच्या चुली ती शहराला रोज आयती पुरवीत. आरंभी विटाळाच्या कल्पनेने शेतकरी या खताला हात लावण्यास कचरत. परंतु शेजारच्या मळ्यातील ऊस पाहिल्यावर तो संकोच फार दिवस टिकला नाही, आणि पेठांनी खाल्लेले धान्य अशा रीतीने पुन्हा मातीत जाऊ लागले.

शहराच्या टाकाऊ पदार्थांतून नवे धन निर्माण करण्याचा जो विचार आज ‘चक्रीय अर्थव्यवस्था’ या नावाने मांडला जातो, त्याचे हे एक परिपूर्ण उदाहरण म्हणून सांगता आले असते. परंतु तसे सांगणे अन्यायाचे होईल. घरमालकाकडून भंगीपट्टी वसूल होई, शेतकऱ्याकडून खताची किंमत येई, म्हणजे एकाच मालाचे दोन्ही टोकांस पैसे मिळत. आणि मधल्या वाटेवर वाड्यांच्या मागल्या बोळांतून तो माल ज्यांच्या डोक्यावरील टोपल्यांतून जाई, ज्या टोपल्या पावसाळ्यात अंगावर पाझरत, त्या मेहतर स्त्रीपुरुषांच्या पदरी तुटपुंजा मुशाहिरा आणि अस्पृश्यता एवढेच पडे. उसाच्या गोडीत त्यांचा वाटा कोणी धरला नाही.

पुढे इंदूर येथे आल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी पालापाचोळा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती व राख यांचे थर देऊन कंपोस्ट करण्याची रीत शास्त्रशुद्ध केली आणि १९३१ साली दोघांच्या नावे ग्रंथ प्रसिद्ध झाला. शहरे मात्र तोपर्यंत भुयारी गटारांकडे वळू लागली होती. टोपली डोक्यावरून उतरविणारी म्हणून या गटारांचे स्वागतच केले पाहिजे. पण जे सत्त्व मांजरीच्या मातीत जात असे, ते त्यांनी पाण्याबरोबर नदीत लोटले. मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून उजनीच्या जलाशयात ते साचते, आणि ज्या नत्रावर एके काळी ऊस पोसला जाई त्यावर आता जलपर्णी पोसली जाते, तर उसासाठी नत्र कारखान्यातून विकत आणावे लागते. शिवाय गटारात उतरणाऱ्या माणसाचा जीव अजूनही जातो, १९९३ आणि २०१३ असे दोन कायदे होऊनही जातो, ही गोष्ट कोणत्याही जमाखर्चात मांडली जात नाही.

या प्रश्नाची दोन्ही अंगे ज्याने एकत्र पाहिली असा मला दिसणारा माणूस म्हणजे आप्पासाहेब पटवर्धन. रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम करू द्यावे, या मागणीसाठी त्यांनी अन्नत्याग केला आणि डिसेंबर १९३२ मध्ये येरवड्यास गांधीजींनीही त्यांच्यासाठी उपवास आरंभिला. पुढे कणकवलीच्या गोपुरी आश्रमात आप्पासाहेबांनी जो संडास सिद्ध केला, त्यात दोन कप्पे असत. एक वापरात असताना दुसरा बंद राही, प्रत्येक वेळी मैल्यावर माती वा पाला टाकला जाई, आणि काही महिन्यांनी बंद कप्प्यातून निघे ते निव्वळ खत, जे घरच्याच माणसाने घमेल्यात भरून आपल्याच माडाच्या आळ्यात घालावे, दुसऱ्या कोणाला बोलावू नये.