रेस पूर्ण, चाल अर्धी

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. त्याआधी सिरोंच्याच्या माणसाला कलेक्टर कचेरीतल्या कामासाठी चंद्रपूर गाठावे लागे. ते अंतर दोनशे किलोमीटरच्या घरातले, तेही जंगलातून. नव्या जिल्ह्याच्या वाट्याला रेल्वे आली ती जेमतेम वडसा-देसाईगंजपुरती; बाकी मुलूख एसटीच्या आणि स्वतःच्या वाहनाच्या भरवशावर राहिला. कचेऱ्या उघडल्या तसे शिक्षक, ग्रामसेवक, वनरक्षक, आरोग्य सेवक आले आणि त्यांच्याबरोबर दुचाकी आल्या. मूल, चामोर्शी, आष्टी, आलापल्ली, अहेरी अशा नाक्यानाक्यांवर मिस्त्रींनी दुकाने थाटली.

या धंद्याचा इतिहास कोणी सलग लिहून ठेवलेला नाही. तरी एका तक्रारीचा माग काढत गेले तर तो बऱ्यापैकी हाती लागतो. ही तक्रार प्रत्येक पिढीतल्या गिऱ्हाइकाने केली आहे: “भाऊ, गाडी ओढूनच नाही राहिली जी.” गाडी एका किकमध्ये सुरू होते, उभ्या जागी छान चालते; पण रस्त्यावर मूठ पूर्ण पिळली तरी इंजिन अर्ध्यावर अडते. बंद पडलेली गाडी दुरुस्त करणे त्या मानाने सोपे, कारण तिथे काहीतरी ठळकपणे तुटलेले किंवा तुंबलेले असते. अर्ध्या चालीच्या गाडीत सगळे चालू असते आणि तरीही काहीतरी कमी पडत असते. मिस्त्रीची खरी परीक्षा इथे होते.

पहिल्या पिढीच्या बहुतेक गाड्या टू-स्ट्रोक होत्या. फरीदाबादच्या एस्कॉर्ट्सची राजदूत मूळच्या पोलंडच्या गाडीवरून घडवलेली, पावणेदोनशे सीसीची, वजनदार आणि मुरमाच्या रस्त्याला न बिचकणारी. म्हैसूरच्या कारखान्यातून जावा आणि पुढे येझदी आली. आकुर्डीच्या बजाजची चेतक १९७२ची आणि नगरच्या कायनेटिकची लूनाही त्याच सालची. या इंजिनांना वेगळे ऑईल सम्प नव्हते; ऑईल पेट्रोलमध्येच मिसळायचे. जुन्या मोटारसायकलींना लिटरमागे चाळीस-पन्नास मिली, नंतरच्या स्कूटरना वीस. इंजिन जाम होईल या धास्तीने अनेक जण माप सोडून ओतत. भेंडाळा किंवा घोटच्या रस्त्यावर गाडी जाम झाली तर ढकलत न्यायची कुठे, हा प्रश्न खराच होता. पण जादा ऑईल पूर्ण जळत नाही. त्याची काजळी सिलिंडरच्या धूर बाहेर टाकणाऱ्या तोंडाशी आणि सायलेन्सरच्या पोटात थरावर थर बसते. टू-स्ट्रोकमध्ये जळालेला वायू बाहेर गेल्याशिवाय नवा भरणा नीट आत येत नाही. त्यामुळे धुराची वाट चोंदली की इंजिनाचा दमच आखडतो.

यावर उपाय होता सायलेन्सर जाळण्याचा. सायलेन्सर खोलून आतली जाळीची नळी बाहेर काढायची. ती काळ्या, चिकट थराने माखलेली असे आणि तिची निम्मीअधिक भोके बुजलेली असत. मग ती लाकडांच्या जाळात टाकायची. आधी दाट पांढरा धूर निघे, मग नळी लालसर होई. थंड झाल्यावर ठोकली की खपल्या गळून पडत. काही मिस्त्री रात्रभर कॉस्टिक सोड्यात बुडवून ठेवत. हेड उतरवून पिस्टनचा माथा आणि धुराचे तोंड बोथट पट्टीने खरवडायचे. धारदार हत्यार लावायचे नाही, कारण पिस्टन ॲल्युमिनियमचा, त्याला ओरखडा पडला की पुढे तिथेच काजळी धरते. एवढे करून गाडी पूर्वीच्या वेगाला पोचली की गिऱ्हाईक सहा महिने निश्चिंत असे.

सायलेन्सरपर्यंत पोचण्याआधी मात्र जाणता मिस्त्री एक क्रम पाळत असे. सगळ्यात आधी गाडी स्टँडवर लावून मागचे चाक हाताने फिरवायचे. पावसाळ्यात धानाच्या बांधीतला चिखल ब्रेकच्या ड्रममध्ये जातो, लायनर चिकटतात आणि इंजिन बिचारे आपल्याच ब्रेकशी झुंजत राहते. चाक मोकळे असेल तर पेट्रोल. टाकीच्या झाकणाला हवा आत घेणारे बारीक भोक असते. ते बुजले की दोन-तीन किलोमीटर गाडी झकास पळते, मग हळूहळू दम सोडते. झाकण सैल करून चालवून पाहिली की निकाल तिथेच लागतो. त्यानंतर कॉकची जाळी, कार्बोरेटरचा मेन जेट, एअर फिल्टर. मग प्लग खोलून त्याचा रंग पाहायचा. बदामी असेल तर मिश्रण बरोबर. काळा, ओलसर असेल तर पेट्रोल जास्त किंवा हवा कमी. पांढरट असेल तर पेट्रोल कमी, नाहीतर क्रँकच्या ऑईल सीलमधून बाहेरची हवा आत शिरते आहे. पांढऱ्या प्लगची गाडी तशीच दामटली तर पिस्टन धरतो, म्हणून तिला मिस्त्री त्या दिवशी परत पाठवत नसे. शेवटी मॅग्नेटोतला पॉइंट. त्याची फट जास्त-कमी झाली की ठिणगीची वेळ चुकते आणि वरच्या वेगात इंजिन फुटफुटते.

हा क्रम कुठल्या पुस्तकातून पाठ केलेला नव्हता. जे फुकट तपासता येते ते आधी आणि जे खोलायला दिवस लागतो ते शेवटी, असा त्याचा हिशेब होता. सुटा भाग आणायला चंद्रपूर नाहीतर नागपूर गाठावे लागे आणि गिऱ्हाइकाचा त्या दिवसाचा रोज बुडे. अशा मुलखात चुकीचे निदान महाग पडते.

या दोन जिल्ह्यांच्या हवेनेही मिस्त्रींना बरेच शिकवले. चंद्रपूरचा पारा मे महिन्यात ४७-४८ अंशांवर जातो. २५ अंशांच्या हवेपेक्षा ४७ अंशांची हवा सुमारे सात टक्के विरळ असते, म्हणजे इंजिनाला प्रत्येक श्वासात तेवढा प्राणवायू कमी मिळतो. त्यातच हा तेंदूपत्त्याचा हंगाम, सगळ्यांची धावपळ याच दिवसांत. स्कूटरचे इंजिन पंख्याच्या हवेने थंड होते. पत्र्याच्या आवरणात चिखल आणि तेलकट धूळ साचली की ते तापते आणि दम टाकते. पश्चिमेला घुग्घुस, बल्लारपूर, राजुऱ्याच्या पट्ट्यात कोळशाची भुकटी फिल्टर भरून टाकते, तर पूर्वेला मुरमाची लाल धूळ. आडगावात पेट्रोल किराणा दुकानातून बाटलीने मिळे. त्यात रेशनचे निळे रॉकेल मिसळलेले असले तर काजळी आणखी वाढे आणि चढावर इंजिन खडखडे. म्हणून पेट्रोलचा रंग पाहणे आणि थेंब तळहातावर उडू देऊन वास घेणे हाही तपासणीचा भाग होता.

गडचिरोली जिल्हा होऊन दोन वर्षे झाली आणि १९८४ मध्ये लूना काढणाऱ्या फिरोदियांनी जपानच्या होंडाबरोबर कायनेटिक होंडा ही कंपनी काढली. इंदूरजवळच्या पिथमपूरला तिचा कारखाना होता. ९८ सीसीची ही स्कूटर बटणावर सुरू होई, तिला गिअर नव्हते आणि क्लचची मूठही नव्हती. गिअरच्या जागी रबरी पट्टा आणि दोन पुल्या. पुढच्या पुलीत छोटे रोलर असतात. इंजिनाचा वेग वाढला की ते बाहेर फेकले जातात, पुलीच्या दोन तबकड्या जवळ येतात, पट्टा वर चढतो आणि चाकाचा वेग वाढतो. मागच्या पुलीतली स्प्रिंग त्याला उलटा ताण देत असते. हॉलंडच्या डाफ कंपनीने १९५८ मध्ये हीच कल्पना मोटारीत आणली होती.

याच यंत्राचे भावंड बर्फावर धावते. कॅनडाच्या बॉम्बार्डियरने १९५९ मध्ये स्की-डू बाजारात आणली. पुढे जगभर पसरलेल्या आणि गुलमर्गला पर्यटकांना फिरवणाऱ्या स्नोमोबाईलमध्ये इंजिनाची ताकद अशाच पट्ट्यातून आणि सरकत्या पुल्यांतून जाते. ही गाडी पूर्ण आरपीएमला पोचत नाही तेव्हा तिथल्या कारागिरालाही आलापल्लीच्या मिस्त्रीचाच प्रश्न पडतो: इंजिन कमजोर आहे, की पुल्या त्याच्यावर वेळेआधी ओझे टाकताहेत? रोलर किंवा वजने प्रमाणाबाहेर जड असली, किंवा मागची स्प्रिंग मऊ पडली, तर पट्टा लवकर वर चढतो. इंजिन आपल्या खऱ्या ताकदीच्या वेगाला पोचण्याआधीच त्याच्यावर टॉप गिअरचा भार येतो आणि ते तिथेच दबून राहते. हवेचे गणित मात्र दोन्हीकडे उलटे. कडाक्याच्या थंडीत हवा दाट होते म्हणून मोठा जेट लागतो, आणि समुद्रसपाटीपासून २,६०० मीटरवरच्या गुलमर्गला हवा विरळ म्हणून पुन्हा लहान.

पट्ट्याने मिस्त्रीला तक्रारीची नवी फोड करायला भाग पाडले. गिऱ्हाईक दोन्ही वेळा “गाडी ओढत नाही” एवढेच सांगे. पण इंजिनाचा आवाज दबलेला असेल तर दोष इंधन, ठिणगी, धूर किंवा जड ओझ्यात. आवाज टिपेला जातो आणि गाडी मात्र रेंगाळते, तर पट्टा घसरतो आहे किंवा रोलर एका बाजूने झिजून चपटे होऊन अडकले आहेत. पावसाळ्यात रपट्यावरून पाणी वाहत असताना गाडी घातली की आवरणात पाणी शिरते, पट्टा ओला होतो, आणि पलीकडच्या चढावर इंजिन नुसते किंचाळत राहते. आवरण उघडून सगळे कोरडे पुसले की गाडी पुन्हा चालू लागते. त्याला नवा सुटा भाग लागत नाही. पर्लकोटेच्या पुराने भामरागडचा संपर्क दर पावसाळ्यात तुटतो, त्या मुलखात एवढे कळणेही मोलाचे होते.

१९९८ मध्ये होंडा कायनेटिकबरोबरच्या भागीदारीतून बाहेर पडली. १९९६ आणि २००० च्या धुराच्या कडक नियमांनी टू-स्ट्रोकची सद्दी संपवली. २००१ मध्ये आलेली ॲक्टिव्हा फोर-स्ट्रोक होती. तिच्यामुळे सायलेन्सर जाळण्याचे काम मागे पडले. पट्टा आणि रोलर मात्र कायम राहिले. १ एप्रिल २०२० पासून धुराचे आणखी कडक बीएस-६ नियम लागू झाले आणि दुचाकींतून कार्बोरेटर जवळपास हद्दपार झाला. त्याची जागा इंजेक्टर, सेन्सर आणि छोट्या संगणकाने घेतली. आता प्लगच्या रंगाआधी स्कॅनरवरचा कोड पाहतात. पेट्रोलमधल्या इथेनॉलचे प्रमाण वाढले आहे आणि इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेते. पावसाळ्यात बाटलीत दिवसेंदिवस ठेवलेल्या पेट्रोलमध्ये पाणी साचले तर आजची गाडीही जुन्या राजदूतसारखीच अर्ध्यावर अडते, आणि ते कारण स्कॅनर नाव घेऊन सांगत नाही. पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून तळाशी पाणी दिसते का, हे डोळ्यांनीच पाहावे लागते.

नाक्यावरच्या दुकानांत आज दोन पिढ्या शेजारी बसून काम करतात. एक आयटीआयमधून मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम करून आलेली, दुसरी कधी शाळेत न शिकता आवाजावरून दोष ओळखणारी. या दोन जिल्ह्यांतल्या आयटीआयनी जुन्या मिस्त्रींना वर्गात बोलवावे आणि त्यांचा तपासणीचा क्रम, मुरूम-कोळशाच्या धुळीचे अनुभव आणि रपट्यानंतरची काळजी मराठीत लिहून घ्यावी. स्कॅनर चंद्रपुरात विकत मिळतो. ही माहिती मात्र फक्त त्या माणसांपाशी आहे, आणि राजदूत-चेतकवर हात बसलेली ती पिढी आता दुकाने मुलांकडे सोपवू लागली आहे.